विणकामाच्या पॅटर्नमधली संक्षिप्त रूपं कशी वाचायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुलट आणि उलट टाका हाताला बसलाय, एकदोन मफलर विणून झालेत, पण छापील इंग्रजी पॅटर्न उघडला की पहिल्याच ओळीला हात अडतो. ओळ साधारण अशी असते: ‘के२, *वायओ, के२टॉग, के१, रेप फ्रॉम * टू लास्ट २ एसटीएस, के२.’ ही सगळी अक्षरं आधी पाठ करावी लागतात का? आणि दुसऱ्या पॅटर्नमध्ये तीच गोष्ट वेगळ्याच अक्षरांनी का लिहिलेली असते?

(पॅटर्नमध्ये ही अक्षरं रोमन लिपीत असतात. इथे मी ती उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, तेव्हा वाचताना शेजारी पॅटर्न उघडा ठेवा.)

पाठ करू नका. संक्षिप्त रूपांची मोठी यादी शंभराच्या पुढे सहज जाते आणि एखाद्या साध्या पॅटर्नमध्ये त्यातली दहा-पंधराच लागतात. शिवाय एकच अक्षर दोन डिझायनर दोन अर्थांनी वापरतात. अमेरिकेतली क्राफ्ट यार्न काउन्सिल ही संस्था एक प्रमाण यादी प्रसिद्ध करते आणि बरेच प्रकाशक ती पाळतात, पण पाळलीच पाहिजे असं बंधन कुणावर नाही. जुन्या ब्रिटिश पुस्तिकांचा तर वेगळाच संसार आहे. म्हणून नीट लिहिलेल्या प्रत्येक पॅटर्नच्या सुरुवातीला किंवा शेवटी त्याची स्वतःची यादी असते, आणि तुमच्या हातातल्या पॅटर्नपुरता शेवटचा शब्द तिचाच. सुई हातात घेण्याआधी ती यादी शोधा. पाच मिनिटं जातात, पण पुढची संध्याकाळभराची उसवाउसव वाचते.

पाठ करण्याऐवजी मी नवशिक्यांना एकच सवय लावते. कोणतंही संक्षिप्त रूप समोर आलं की विचारायचं: यात डाव्या सुईवरचे किती टाके संपले आणि उजव्या सुईवर किती तयार झाले? प्रत्येक अक्षरामागे हे दोन आकडे असतात. ते कळले की अक्षराची भीती निम्मी होते, कारण चूक झाली तर ती कुठे झाली हे टाके मोजून सापडतं.

वरचीच ओळ घेऊ. ‘के’ म्हणजे सुलट, तेव्हा ‘के२’ म्हणजे दोन टाके सुलट. दोन संपले, दोन तयार झाले. ‘वायओ’ म्हणजे सुईवर लोकरीचा नुसता वेढा घ्यायचा. डावीकडचा एकही टाका संपत नाही, उजवीकडे एक वाढतो. ‘के२टॉग’ म्हणजे दोन टाके एकत्र सुलट: दोन संपतात, एक होतो. मग ‘के१’, एकाला एक. ‘रेप फ्रॉम *’ म्हणजे फुलीपासूनचा (*) तुकडा पुन्हा पुन्हा विणा. आता त्या तुकड्याची बेरीज करा. संपलेले टाके ०+२+१, म्हणजे तीन. तयार झालेले १+१+१, म्हणजे तीन. वेढ्याने वाढवलेला टाका जोडटाक्याने परत घेतला, म्हणून ओळीतले टाके तेवढेच राहतात आणि मधे जाळीचं भोक तेवढं उरतं.

समजा, सुईवर १६ टाके आहेत. सुरुवातीचे दोन आणि शेवटचे दोन सोडले तर मधे बारा राहतात आणि तीन-तीनचा तुकडा चार वेळा बसतो. ओळ संपल्यावर १७ टाके भरले तर कुठेतरी जोडटाका राहिलाय. १५ भरले तर वेढा घ्यायचा राहिलाय, किंवा घेतलेला वेढा पुढच्या टाक्याबरोबर विणला गेलाय. विणलेलं सगळं डोळ्यांखालून घालायची गरज नाही. वेढा, जोडटाका, सुलट हा क्रम कुठे तुटला ते बघायचं. त्याच पॅटर्नच्या डोक्यावर कदाचित ‘मल्टिपल ऑफ ३ प्लस १’ असं लिहिलेलं असेल. म्हणजे तीनच्या पटीत टाके आणि वर एक. तीन पंचे पंधरा आणि एक, सोळा. अशा विणीचा मफलर रुंद करायचा असेल तर तीन-तीननेच टाके वाढवता येतात, हेही त्यातच आलं.

‘टू लास्ट २ एसटीएस’ याचा अर्थ डाव्या सुईवर दोन टाके उरेपर्यंत. ‘एसटी’ म्हणजे टाका आणि ‘एसटीएस’ म्हणजे टाके. मात्र ‘एसटी एसटी’ असं दोनदा लिहिलेलं दिसलं तर ती विणीची खूण आहे: एक ओळ सुलट, एक ओळ उलट. ‘जी एसटी’ म्हणजे प्रत्येक ओळ सुलट.

रोज लागणारी बाकीची अक्षरं भराभर सांगून टाकते. ‘पी’ म्हणजे उलट. ‘सीओ’ म्हणजे टाके घालणे, ‘बीओ’ म्हणजे टाके बंद करणे. ‘आरएस’ म्हणजे कपड्याची बाहेरून दिसणारी बाजू, ‘डब्ल्यूएस’ म्हणजे आतली. आपण या बाजूंनाही सुलट-उलट म्हणतो आणि तिथे नवशिक्यांची गल्लत होते, कारण आतल्या बाजूची ओळ उलटच विणायची असते असं नाही. मी म्हणून दर्शनी बाजू आणि आतली बाजू म्हणते. ‘बेग’ म्हणजे सुरुवात, ‘रेम’ म्हणजे उरलेले, ‘फॉल’ म्हणजे पुढचा, ‘ऑल्ट’ म्हणजे एक सोडून एक, ‘कॉन्ट’ म्हणजे तसंच पुढे. ‘एलएच’ आणि ‘आरएच’ म्हणजे डावी आणि उजवी सुई. ‘पीएम’ म्हणजे सुईवर खुणेची कडी घाला, ‘एसएम’ म्हणजे ती कडी एका सुईवरून दुसरीवर सरकवा. कडी हा टाका नाही, ती मोजायची नाही. ‘डीपीएन’ म्हणजे दोन्ही टोकं उघडी असलेल्या मोज्यांच्या सुया आणि ‘आरएनडी’ म्हणजे गोल विणकामातली फेरी. फेरीत दर्शनी बाजूच सतत समोर असते, म्हणून सपाट विणताना एक ओळ सुलट आणि एक उलट विणून जी वीण मिळते ती गोल विणताना नुसतं सुलट विणून मिळते.

आता टाके घटवण्याकडे येऊ. इथे दोन आकडे पुरत नाहीत, तिसरी गोष्ट बघावी लागते: टाका कुठे झुकतो. ‘के२टॉग’ उजवीकडे झुकतो. ‘एसएसके’ डावीकडे झुकतो. दोन्हींत दोनाचा एकच होतो, त्यामुळे मोजणीत काही फरक पडत नाही आणि नवशिके सर्रास एकाच्या जागी दुसरा विणतात. कपडा त्याने बिघडत नाही, पण रूप बिघडतं. स्वेटरच्या बाहीच्या खोलगटीत किंवा गळ्याच्या उतारावर दर्शनी ओळीच्या सुरुवातीला ‘एसएसके’ आणि शेवटी ‘के२टॉग’ दिलेला असतो, तो यासाठी की टाक्यांची रेघ कडेच्या उताराबरोबर चालावी. दोन्हीकडे एकच घट विणली तर एक कड रेखीव येते आणि दुसरी करवतीसारखी दातेरी.

‘एसएसके’ असा करतात: दोन टाके एकेक करून, सुलट विणताना सुई घालतो तशीच घालून, न विणता उजव्या सुईवर घ्यायचे, मग डावी सुई त्या दोघांच्या पुढच्या बाजूने घालून दोन्ही एकत्र विणायचे. उचलताना टाक्याची दिशा बदलते आणि म्हणून तो सपाट बसतो. त्याच जागी जुन्या पॅटर्नमध्ये ‘एसएल१, के१, पीएसएसओ’ किंवा थोडक्यात ‘एसकेपी’ असतं: एक टाका न विणता घ्या, पुढचा सुलट विणा, आणि न विणलेला त्याच्यावरून ओलांडून खाली सोडा. तोही डावीकडेच झुकतो, जरा सैल दिसतो एवढंच. त्याच घरातली मोठी भावंडं म्हणजे ‘एसके२पी’ आणि ‘एस२केपी’. दोन्हींत तिनाचा एक होतो. पहिल्यात एक टाका न विणता घेऊन पुढचे दोन एकत्र विणतात आणि घेतलेला त्यावरून ओलांडतात. घट डावीकडे झुकते. दुसऱ्यात दोन टाके एकदम उचलून घेतात, तिसरा विणतात आणि दोन्ही ओलांडतात. मधला टाका ताठ उभा राहतो. पानांच्या जाळीत पानाची मधली शीर असते ती बहुधा हीच.

वाढवण्याच्या अक्षरांत जास्त फसगत होते, कारण तिथे दोन आकडेच वेगवेगळे आहेत. ‘केएफबी’ म्हणजे एकाच टाक्यात आधी पुढून आणि मग मागून विणायचं. एक टाका संपतो, दोन होतात आणि बुडाशी उलट टाक्यासारखी गाठ दिसते. ‘एम१’ म्हणजे दोन टाक्यांच्या मधला आडवा धागा उचलून त्याला पीळ देऊन विणायचं. इथे एकही टाका संपत नाही, एक नवा होतो. वाढ दोन्हींत एकाचीच आहे, पण एकाच्या जागी दुसरा घातला की ओळीची मोजणी सरकते. ‘के५, एम१, के५’ याला दहा टाके लागतात आणि अकरा होतात. ‘के५, केएफबी, के५’ याला अकरा लागतात आणि बारा होतात.

‘एम१’ला पुढे एल किंवा आर जोडलेलं असेल तर तो झुकण्याचा प्रश्न आहे. डावीकडे झुकणारा हवा असेल तर आडवा धागा डाव्या सुईने पुढून मागे उचला आणि मागच्या फाशातून विणा. उजवीकडचा हवा असेल तर मागून पुढे उचला आणि पुढच्या फाशातून विणा. विणताना टाका घट्ट लागला, सुई घालताना जरा जोर करावा लागला, तर बरोबर आहे. सहज गेली तर पीळ बसलेला नाही आणि तिथे भोक दिसणार. जुन्या ब्रिटिश पॅटर्नमध्ये नुसतं ‘एम१’ म्हणजे कधीकधी वेढाच असतो. वीण जाळीची असेल, फोटोत भोकं दिसत असतील आणि यादीत ‘एम१’चा खुलासा ‘लोकर पुढे आणून’ असा असेल, तर तिथे भोक हवंच आहे.

वेढ्याची ब्रिटिश नावंही इथेच सांगते. दोन सुलट टाक्यांच्या मधे असेल तर ‘वायएफडब्ल्यूडी’, उलट टाक्यानंतर सुलट येत असेल तर ‘वायओएन’, आणि वेढ्यानंतर उलट टाका येत असेल तर ‘वायआरएन’. नावं तीन, कारण लोकर आधी कुठे आहे आणि नंतर कुठे हवी यावर हाताची हालचाल बदलते. निकाल एकच: सुईवर एक जादा वेढा. अमेरिकी पॅटर्न तिन्हींना ‘वायओ’ म्हणून मोकळे होतात आणि लोकर नीट पोचवणं तुमच्यावर सोडतात. पुढचा टाका उलट असेल तर वेढा सुईवरून घेऊन लोकर परत पुढे आणावी लागते, हे त्यात लिहिलेलं नसतं. आणखी एक खाच आहे. न विणता घेतलेल्या टाक्यांबरोबर आलं तर ‘वायएफडब्ल्यूडी’चा अर्थ फक्त ‘लोकर पुढे आणा’ एवढाच असू शकतो. पुढच्याच शब्दात लोकर परत मागे न्यायला सांगितली असेल तर वेढा होत नाही आणि टाकाही वाढत नाही.

‘एसएल१’ म्हणजे टाका न विणता सरकवणे. पॅटर्न गप्प असेल तर संकेत असा: उलट विणताना सुई घालतो तशी घालून सरकवायचा, म्हणजे टाक्याला पीळ बसत नाही. हा टाका एखाद्या घटीचा भाग असेल तर मात्र सुलट विणताना घालतो तशी. ‘केवाइज’ आणि ‘पीवाइज’ हे शब्द त्यासाठीच असतात. ‘डब्ल्यूवायआयएफ’ म्हणजे सरकवताना लोकर आपल्याकडे, ‘डब्ल्यूवायआयबी’ म्हणजे पलीकडे. ‘टीबीएल’ म्हणजे मागच्या फाशातून विणा. टाक्याला मुद्दाम पीळ द्यायचा असतो.

अक्षरांपेक्षा जास्त चुका विरामचिन्हांत होतात असं मी कितीतरी जणींचं विणकाम उसवताना पाहिलंय. चौकटी कंसातलं जितक्या वेळा करायला सांगितलं असेल तितक्याच वेळा करायचं. ‘[के१, पी१] ३ टाइम्स’ म्हणजे एकूण तीनदा, सहा टाके. पण ‘*के१, पी१, रेप फ्रॉम * ३ टाइम्स मोअर’ म्हणजे एकदा केलंय आणि आणखी तीनदा, एकूण चारदा, आठ टाके. ‘मोअर’ हा शब्द गाळून नुसतं ‘रेप फ्रॉम * ३ टाइम्स’ लिहिलेलं असेल तर बहुतेकांचा अर्थ आणखी तीनदा असाच असतो, पण तिथे विश्वास ठेवू नका, ओळीतल्या टाक्यांची बेरीज करा. एकच अर्थ जमेल. आणि ‘[के१, पी१, के१] इन नेक्स्ट एसटी’ असं असेल तर ते तिन्ही एकाच टाक्यात विणायचे आहेत. एकाचे तीन होतात. ‘इन’ हा एवढासा शब्द नजरेतून सुटला तर दोन टाके कमी भरतात.

गोल कंस बहुधा मापांसाठी असतो. ‘सीओ ५८ (६४, ७०, ७६)’ म्हणजे सगळ्यांत लहान मापाला ५८ टाके आणि कंसात क्रमाने मोठी मापं. तुमचं माप दुसरं असेल तर संपूर्ण पॅटर्नभर कंसातला पहिला आकडा तुमचा. विणायला बसण्याआधी सगळा पॅटर्न चाळून आपल्या मापाच्या आकड्यांना पेन्सिलीने गोल करा. मधेच एकच आकडा कंसाशिवाय आला तर तो सगळ्या मापांना लागू. आपल्या जागी शून्य किंवा आडवी रेघ असेल तर ती पायरी तुमच्या मापासाठी नाही.

आकार देण्याची वाक्यं मात्र सावकाश वाचावी लागतात. उदाहरणार्थ: ‘डिक १ एसटी अ‍ॅट ईच एंड ऑफ नेक्स्ट अँड एव्हरी फॉल ४थ रो अनटिल ४६ एसटीएस रेम.’ ‘डिक’ म्हणजे टाके घटवा. सुईवर ५८ टाके आहेत. दोन्ही टोकांना एकेक म्हणजे घटीच्या एका ओळीत दोन टाके जातात. ५८ वरून ४६ वर यायला बारा टाके घटवायचे, म्हणजे घटीच्या ओळी सहा. ‘नेक्स्ट अँड’ असल्यामुळे पहिली घट लगेच, पहिल्याच ओळीत. मग पाचव्या, नवव्या, तेराव्या, सतराव्या आणि एकविसाव्या. मधल्या तीन-तीन ओळी घट न करता. ‘नेक्स्ट अँड’ हे शब्द नसते तर आधी तीन ओळी साध्या, चौथीत पहिली घट आणि शेवटची चोविसावीत. तीन ओळींचा फरक किरकोळ वाटतो, पण एक बाही अशी आणि दुसरी तशी विणली तर शिवताना कळतं. मी अशा वाक्याचं लगेच ओळींच्या आकड्यांत रूपांतर करून कागदावर लिहिते आणि झालेली ओळ खोडत जाते.

‘एंडिंग विथ अ डब्ल्यूएस रो’ म्हणजे नुकतीच विणून झालेली शेवटची ओळ आतल्या बाजूची असावी. पुढची सुई दर्शनी बाजूने सुरू होईल. ‘वर्क ईव्हन’ म्हणजे न वाढवता, न घटवता सरळ. ‘कीप इन पॅट’ म्हणजे कडेला टाके कमी-जास्त होत असले तरी मधली वीण आहे त्याच रांगेत राहू द्या. यासाठी वीण कडेपासून मोजायची नाही, मधल्या एखाद्या पूर्ण तुकड्यापासून कडेकडे मोजायची. कडेला वेढा आणि त्याचा जोडटाका हे दोन्ही बसत नसतील तर दोन्ही सोडून साधं विणायचं, एकटा वेढा ठेवायचा नाही. आणि ‘अ‍ॅट द सेम टाइम’ हे शब्द कुठे दिसले तर तिथेच थांबून पुढचा परिच्छेद आधी वाचा. गळ्याची आणि बाहीची घट एकाच वेळी सुरू असते आणि पॅटर्न ती एकामागून एक लिहितो. विणून झाल्यावर दुसरा परिच्छेद वाचला तर बरंच उसवावं लागतं.

पुढून उघड्या स्वेटरचं ‘लेफ्ट फ्रंट’ म्हणजे घालणाऱ्याच्या अंगावरची डावी बाजू, समोर पसरून ठेवल्यावर दिसणारी डावी नव्हे. हे कोणत्याच यादीत नसतं.

वेणीच्या विणीतली अक्षरं दिसायला भयंकर असतात आणि मोजायला सगळ्यांत सोपी. ‘सी४एफ’ म्हणजे एकूण चार टाक्यांची वेणी: दोन टाके जोडसुईवर (वेणीसाठी वापरायच्या छोट्या जादा सुईवर) घेऊन पुढे ठेवा, पुढचे दोन विणा, मग जोडसुईवरचे दोन. ‘सी४बी’त जोडसुई मागे ठेवतात. पुढे ठेवली की वेणी डावीकडे वळते, मागे ठेवली की उजवीकडे. चाराचे चारच राहतात. नव्या अमेरिकी पॅटर्नमध्ये हेच ‘२/२ एलसी’ आणि ‘२/२ आरसी’ असं लिहिलेलं आढळतं. ‘सी’च्या जागी ‘टी’ आलं तर बहुधा काही टाके उलट विणायचे असतात. तिथे यादी बघणं भागच आहे.

देशांच्या फरकातला सगळ्यांत महाग फरक अक्षरांत नाही, सुईच्या क्रमांकात आहे. जुन्या ब्रिटिश क्रमांकात १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, अमेरिकी क्रमांकात तीच १० नंबर ६ मिलिमीटरची. एका पद्धतीत आकडा वाढला की सुई बारीक होते, दुसऱ्या पद्धतीत जाड. म्हणून नंबर सोडा आणि मिलिमीटर बघा. ब्रिटिश ‘टेन्शन’ आणि अमेरिकी ‘गेज’ एकच: दहा सेंटिमीटरात किती टाके आणि किती ओळी. ब्रिटिश ‘कास्ट ऑफ’ म्हणजे अमेरिकी ‘बाइंड ऑफ’. ब्रिटिश ‘मॉस स्टिच’ म्हणजे अमेरिकी ‘सीड स्टिच’, आणि अमेरिकेत ‘मॉस स्टिच’ म्हटलं की दोन-दोन ओळींनी सरकणारी वेगळीच वीण. पॅटर्न कुठला आहे ते ‘कास्ट ऑफ’ की ‘बाइंड ऑफ’ यावरून पटकन ओळखता येतं.

गेजची ओळ बहुतेक जणी ओलांडून पुढे जातात, म्हणून आकड्यात सांगते. पॅटर्न म्हणतो दहा सेंटिमीटरात २२ टाके; तुमचे २४ येतात. ११० टाक्यांचा पुढचा भाग ५० सेंटिमीटर व्हायला हवा, तो ४६च्या जरा खाली येईल. मागचा भागही तेवढाच. स्वेटर घेरात आठ सेंटिमीटरने आवळला. संक्षिप्त रूपं सगळी बरोबर वाचली तरी तो बसणार नाही. सुई एका मापाने जाड घेऊन पुन्हा नमुना विणा, धुवा, वाळवा आणि मग मोजा.

काही पॅटर्न अक्षरांऐवजी चौकटींचा तक्ता देतात. तो खालून वर वाचायचा. दर्शनी ओळ उजवीकडून डावीकडे, आतली ओळ डावीकडून उजवीकडे. गोल विणताना प्रत्येक फेरी उजवीकडूनच. तक्ता दर्शनी बाजूचं चित्र दाखवतो, त्यामुळे रिकामी चौकट दर्शनी ओळीत सुलट असते आणि आतल्या ओळीत उलट. राखाडी किंवा काळी चौकट बहुधा ‘इथे टाकाच नाही’ असं सांगते; ती डोळ्यांनी ओलांडायची, सुईने काही करायचं नाही. जाळीच्या विणीसाठी मला अक्षरांपेक्षा तक्ताच बरा वाटतो, कारण वेढा आणि त्याचा जोडटाका शेजारी-शेजारी दिसतात आणि मागच्या ओळीशी पडताळूनही बघता येतं. नुसत्या सुलट-उलटच्या विणीला तक्ता म्हणजे उगाच पसारा.

प्रत्यक्ष बसताना असं करा. यादीतलं जे अक्षर अनोळखी असेल ते आधी जाड सुईवर, फिक्या रंगाच्या गुळगुळीत लोकरीत वीसेक टाके घालून विणून बघा. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाका दिसतच नाही, तिथे शिकू नका. मग पहिली ओळ आपल्या भाषेत लिहून काढा: ‘दोन सुलट, (वेढा, दोन एकत्र सुलट, एक सुलट) चार वेळा, दोन सुलट.’ प्रत्येक तुकड्यानंतर खुणेची कडी घाला, म्हणजे मोजताना सगळी ओळ नाही, एक तुकडा मोजावा लागतो. जाळीची वीण असेल तर दर आठ-दहा ओळींनी, टाके बरोबर भरल्यावर, एका ओळीच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून ठेवा; दोरा कडीतून मात्र ओवू नका. उसवायची वेळ आली तर विणकाम त्या दोऱ्यापाशी थांबतं. चारपाच ओळींनंतर लिहून काढायची गरज बहुतेकांना उरत नाही.

यादीत नसलेलं अक्षर मधेच उगवलं तर दोन आकड्यांचा उपयोग तिथेही होतो. ओळीच्या शेवटी डिझायनरने टाक्यांची संख्या दिलेली असते. बाकीच्या सगळ्या अक्षरांची बेरीज करा. जितके टाके कमी किंवा जास्त पडतात तितका हिशेब त्या अनोळखी अक्षराचा. एक टाका कमी पडत असेल तर ती घट आहे, एक जास्त हवा असेल तर वाढ. ‘के१बी’ मात्र असं सुटत नाही, कारण त्याचे दोन्ही रूढ अर्थ एकाला एक आहेत: मागच्या फाशातून सुलट, किंवा एक ओळ खालच्या टाक्यात सुई घालून सुलट. तिथे फोटो मोठा करून बघा. टाके पिळलेले, रेघ कोरीव असेल तर पहिला अर्थ. वीण जाड, फुगीर आणि बोटाने दाबल्यावर बसेल अशी दिसत असेल तर दुसरा. फोटोवरूनही ठरत नसेल तर नमुन्याच्या तुकड्यावर दोन्ही विणून शेजारी ठेवा. सहा ओळींत फरक उघडा पडतो.